एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला? जुन्या फ्लॅटसाठी वीज-सुरक्षेच्या पर्यायांची तुलना

पुण्यातलं कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर, बिबवेवाडी. 1980 आणि 90च्या दशकात उभ्या राहिलेल्या इथल्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये सध्या एकच वाक्य ऐकू येतं: "रीडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?" या वाक्यावर गच्चीचं वॉटरप्रूफिंग थांबतं, जिन्याचा रंग थांबतो आणि वायरिंगही थांबतं. रंग थांबला तर फार तर पाहुणे नाक मुरडतील. वायरिंगचं तसं नाही. ते भिंतीत गेलं तेव्हा घरात फ्रीज, टीव्ही, पंखे आणि फार तर एक गीझर होता. आज त्याच वायरवर एसी आहे, इंडक्शन आहे, वॉशिंग मशीन आहे आणि कुणाकुणाची स्कूटरही चार्ज होते.

हा आढावा अशा घरमालकासाठी आहे ज्याला सगळं वायरिंग उपसायचं नाही, पण काहीतरी करायचं आहे. समोर पर्याय असतात पाच: नवे एमसीबी (जादा लोड झाला की पडणारे खटके), घराला एक आरसीसीबी (विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा), प्रत्येक लाइनला वेगळा आरसीबीओ (या दोघांचं काम एकत्र करणारा), अर्थिंगचा नवा खड्डा (गळलेली वीज जमिनीत सोडणारा), किंवा पूर्ण रीवायरिंग. वायरमन बहुतेक वेळा त्याच्या हाताला सवय असलेला पर्याय सुचवतो आणि आपण "चांगल्या कंपनीचं लावा" एवढंच म्हणतो. कंपनीचा प्रश्न खूप नंतरचा आहे.

कोण कुणाला वाचवतं

एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. एवढं एक लक्षात आलं की अर्धा निर्णय झालाच. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअर, म्हणजे 16,000 मिलिअँपिअर, दिवसभर बिनतक्रार जाऊ देतो. माणसाच्या शरीरातून 10 मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. 30च्या वर काही क्षण टिकला तर श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. शॉक लागलेल्या माणसातून जाणारा प्रवाह एमसीबीच्या हिशेबी एखाद्या लहान बल्बइतकाही नसतो. त्यामुळे "आमच्याकडे सगळे एमसीबी आहेत, काळजी नाही" हे वाक्य आगीपुरतं बऱ्यापैकी खरं आणि शॉकच्या बाबतीत पूर्ण चूक.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतून, जेवढा प्रवाह गेला तेवढाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला का, एवढंच तो बघत बसतो. मधला काही भाग दुसऱ्या वाटेने, म्हणजे ओल्या भिंतीतून, गीझरच्या टाकीतून किंवा तुमच्या शरीरातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि तो लाइन तोडतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी साधारण 15 ते 30च्या दरम्यान पडतो, आणि गळती मोठी असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. झटका बसतोच, पण चिकटून राहायला वेळ मिळत नाही.

| उपकरण | काय ओळखतं | काय वाचतं | काय ओळखत नाही |
|---|---|---|---|
| जुना किटकॅट फ्यूज | जादा लोड, शॉर्ट सर्किट | वायर (योग्य तार घातली असेल तरच) | शॉक |
| एमसीबी | जादा लोड, शॉर्ट सर्किट | वायर | शॉक |
| आरसीसीबी, 30 मिलिअँपिअर | गळती | माणूस | जादा लोड, शॉर्ट सर्किट |
| आरसीसीबी, 100 किंवा 300 मिलिअँपिअर | मोठी गळती | घर, आगीपासून | शॉक |
| आरसीबीओ, 30 मिलिअँपिअर | वरचं सगळं | माणूस आणि वायर | वीज कडाडल्यावर येणारं जादा व्होल्टेज |
| एसपीडी (व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण) | क्षणभर चढलेलं व्होल्टेज | टीव्ही, राउटर, एसीचं कार्ड | बाकी सगळं |

किटकॅटबद्दल आणखी लिहीत नाही. फ्यूज उडाला की जाड तार गुंडाळून "आता उडणार नाही" म्हणणारे काका प्रत्येक इमारतीत असतात, आणि त्यांचं म्हणणं दुर्दैवाने खरं असतं.

तक्त्यात न बसणारी एक गोष्ट: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी धरले आणि तुम्ही जमिनीपासून अलग असाल, तर आरसीसीबीला काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही एक बल्ब आहात. म्हणून आरसीसीबी बसवला तरी बोर्ड उघडायच्या आधी मेन बंद करणं सुटत नाही.

30 की 100?

दुकानात सगळ्यात जास्त चूक इथे होते. खोक्यावर दोन आकडे असतात. 25, 40 किंवा 63 अँपिअर हा आकडा त्या उपकरणातून किती प्रवाह वाहू शकतो ते सांगतो. तो मेन एमसीबीच्या आकड्याइतका किंवा जास्त असला की झालं. जिवाशी संबंध असलेला आकडा दुसरा, मिलिअँपिअरमधला. "वारंवार पडणार नाही" म्हणून काही जण 100चा देतात. तो पडणार नाही हे खरंच आहे, माणूस चिकटला तरी बराच वेळ पडणार नाही.

100 किंवा 300ला जागा आहे, पण ती पेठेतल्या लाकडी वाड्यासारख्या ठिकाणी, जिथे जुन्या इन्सुलेशनमधून होणारी गळती तापून आग लागू शकते. तिथे मेनला मोठा आणि पुढे न्हाणीघर, स्वयंपाकघर यांना 30चा, अशी दोन पायऱ्यांची रचना करतात. फ्लॅटमध्ये थेट 30 घ्या. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलात तर काउंटरवर अजून "ईएलसीबी" या जुन्या नावाने मागितला जातो आणि हातात आरसीसीबीच येतो, त्याने बिघडत नाही. मात्र आयएसआय चिन्ह, आयएस 12640 हा क्रमांक आणि पक्कं बिल या तिन्ही गोष्टी बघा. दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आज साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो. खोक्यावर प्रकारही लिहिलेला असतो, एसी किंवा ए (इथला एसी हा आरसीसीबीचा प्रकार, खोली थंड करणारा एसी नव्हे). इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारी गळती साध्या एसी प्रकाराला नीट ओळखता येईलच असं नाही, म्हणून थोडे जास्त पैसे देऊन ए घ्यावा असं माझं मत.

आरसीसीबी आधी की अर्थिंग आधी?

याच प्रश्नावर वायरमन आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांचं सहसा जमत नाही. सेक्रेटरी म्हणतात, आधी खड्डा नवा करू, कोळसा-मीठ घालू, मग बघू. ऐकायला शास्त्रशुद्ध वाटतं. आकडे मांडले की चित्र बदलतं.

समजा इमारतीच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम आहे, म्हणजे पुण्याच्या मानाने उत्तम. गीझरच्या आत फेजची वायर टाकीला टेकली. 230 भागिले 5, म्हणजे जास्तीत जास्त 46 अँपिअर जमिनीत जातील. गीझरला 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी असेल तर तो तत्काळ पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 46ला तो पडेल, पण तापून पडेल. त्याला काही सेकंदांपासून जवळपास मिनिटापर्यंत कितीही वेळ लागू शकतो. तेवढा वेळ टाकी, पाइप आणि नळ धोकादायक व्होल्टेजवर असतात.

आता तोच खड्डा मे महिन्यात बघा. पुण्याच्या बऱ्याच भागात मुरूम संपला की खाली काळा कातळ लागतो, तिथे खड्डा खोल जातच नाही आणि उन्हाळ्यात माती सुकली की रोध चढतो. तो 20 ओहम झाला तर प्रवाह उरतो साडेअकरा अँपिअर. 16चा एमसीबी कधीच पडणार नाही. गीझर चालू, पाणी गरम, मीटर फिरतोय आणि नळात वीज.

हाच 20 ओहमचा सुमार खड्डा आणि सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर? साडेअकरा अँपिअर म्हणजे 11,500 मिलिअँपिअर. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो, आणि कुणी नळाला हात लावायच्या आधीच पडतो. खड्डा 100 ओहमचा असता तरी पडला असता. थोडक्यात, आरसीसीबी असेल तर सुमार अर्थिंगही कामाला येतं. आरसीसीबी नसेल तर उत्तम अर्थिंगही पुरेलच असं नाही. माझा कौल म्हणून आधी आरसीसीबी.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. बाणेर-वाकडकडच्या ज्या मोठ्या संकुलांत आवारातच ट्रान्सफॉर्मर असतो आणि अर्थची तार थेट त्याच्यापर्यंत जाते, तिथे दोषाचा प्रवाह खूप मोठा असतो आणि एमसीबी पटकन पडतो. वरचं गणित स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून असलेल्या जुन्या सोसायट्यांचं आहे. दुसरं, अर्थची तारच नसेल तरी आरसीसीबी काम करतो, पण मग गळती ओळखायला तो तुमच्या हाताची वाट बघतो. अर्थ असेल तर उपकरण बिघडताच पडतो, नसेल तर तुम्ही शिवल्यावर. म्हणून अर्थिंग दुसऱ्या क्रमांकावर, पण यादीत हवंच.

जुन्या इमारतींत आणखी एक छुपा घोळ आहे. पूर्वी पाण्याच्या लोखंडी पाइपलाच अर्थ जोडण्याची पद्धत होती. मध्यंतरी सगळ्यांनी प्लंबिंग बदलून प्लास्टिकचे पाइप टाकले आणि अर्थ गुपचूप गेला. सॉकेटमधली हिरवी वायर जागेवर दिसते, पण ती कुठेच पोचत नाही. याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला तुकडा मारणं. टेस्टिंगला सगळं छान दिसतं. पुढे कुठे न्यूट्रल सुटला की फ्रिजची, वॉशिंग मशीनची पूर्ण बॉडी 230 व्होल्टवर जाते. असा तुकडा दिसला तर तो काढेपर्यंत त्या सॉकेटला काही लावू नका.

खड्डा करायचाच असेल तर कोळसा-मीठ की केमिकल? कोळसा-मीठ स्वस्त, पण दर उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं आणि मीठ लोखंड खातं. ज्या सोसायटीत गच्चीची टाकी धुवायला दोन मीटिंगा लागतात तिथे खड्ड्यात पाणी कोण घालणार? ओलावा धरून ठेवणारी बेंटोनाइटसारखी भर घातलेला केमिकल इलेक्ट्रोड महाग, पण कातळाच्या जागी आणि आळशी सोसायटीत तोच बरा. पावतीबरोबर अर्थ टेस्टरवर मोजलेला आकडा लेखी मागा. फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून "बघा, पेटला" हा पुरावा नाही. त्या बल्बचाच रोध 500 ओहमच्या वर असतो, त्यामुळे खड्डा 50 ओहमचा असला तरी तो जवळपास तितकाच लख्ख पेटतो.

घराला एक, की लाइनला एकेक?

सगळ्या घराला एकच आरसीसीबी हा सगळ्यात स्वस्त मार्ग. तोटा एकच: जुलैत भिंतीला ओल आली की रात्री दोन वाजता अख्खं घर अंधारात. मग वैतागून कुणीतरी वायरमनला बोलावतं आणि तो दोन वायर जोडून आरसीसीबी बायपास करतो. पेटीत आरसीसीबी दिमाखात बसलेला आणि आतून निकामी, अशी परिस्थिती आरसीसीबी नसण्याहून वाईट, कारण घरच्यांना आपण सुरक्षित आहोत असं वाटत राहतं.

प्रत्येक लाइनला आरसीबीओ लावला तर फक्त बिघडलेली लाइन पडते, फ्रीज चालू राहतो. पण एका आरसीबीओची किंमत आरसीसीबीच्या आसपास किंवा जास्तच, आणि जुन्या पेटीत तेवढी जागा नसते. मधला मार्ग मला पटतो: गीझरला स्वतंत्र आरसीबीओ आणि बाकी घराला एक किंवा दोन आरसीसीबी. न्हाणीघरात माणूस ओला, अनवाणी आणि दार लावून असतो, त्यामुळे तिथे हात आखडायचा नाही. गीझरचा खटका दोन पोलचा असू दे. जुन्या घरात फेज-न्यूट्रल उलटे असण्याची शक्यता बरीच असते, आणि एका पोलच्या खटक्याने बंद केलेला गीझर मग आतून जिवंतच राहतो.

"आरसीसीबी सारखा पडतो" या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोनच कारणं असतात. एक खरी गळती: गीझरची कॉइल, बाल्कनीतला सॉकेट, मिक्सर. दुसरं, एका लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनने उसना घेतलेला असणं. इन्व्हर्टर बसवताना हे हमखास होतं. सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा आणि एकेक लाइन सुरू करत जा. दोषी लाइन सापडते. सगळं बंद असतानाही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, तिथे वायरमनच हवा.

इन्व्हर्टरबद्दल एवढंच, पण ठळक: मेन पाडलं तरी इन्व्हर्टरवरच्या लाइनी जिवंत असतात. पंखा पुसायला स्टुलावर चढताना हे विसरलं जातं. इन्व्हर्टरच्या पुढच्या लाइनींना वेगळा आरसीसीबी लागतो आणि त्यांचा न्यूट्रल बाकी घराशी मिसळता कामा नये.

विजेच्या भीतीने गॅस गीझर?

शॉकची भानगडच नको म्हणून काही जण न्हाणीघरात गॅस गीझर लावतात. बंद न्हाणीघरात जळणारा गॅस ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नाही. आरसीसीबी लावलेला विजेचा गीझर याहून कितीतरी सुरक्षित. गॅसचाच हवा असेल तर यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत. पाण्यात बुडवायचा हीटर रॉड मात्र कुठल्याच तुलनेत बसत नाही. तो घरात असेल तर टाकून द्या.

रीवायरिंग कधी टाळू नये

आरसीसीबी खराब वायर बरी करत नाही. वायर अ‍ॅल्युमिनियमची असेल, लाकडी पट्टीवरून गेलेली असेल, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वास येत असेल किंवा इंडक्शन लावल्यावर प्लग हाताला चटका देत असेल, तर रीडेव्हलपमेंटची वाट बघू नका. सगळं घर परवडत नसेल तर फक्त जड लाइनी नव्या करा: गीझर, एसी आणि स्वयंपाकघराच्या पॉवर सॉकेटला तांब्याची 4 चौरस मिलिमीटर, बाकी प्लगना 2.5, दिव्या-पंख्यांना दीड, आणि प्रत्येकीबरोबर हिरवी अर्थ. आग सहज न पसरवणाऱ्या वायरींच्या एफआर आणि एफआरएलएस या दोन प्रकारांत एफआरएलएसचा धूर कमी असतो; एकाच जिन्याच्या इमारतीत तो फरक पैसे देण्याइतका आहे.

एक इशारा. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा बसवणं म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार घालणं. एसी लावल्यावर एमसीबी पडतोय, म्हणजे वायर बदला, एमसीबी नाही.

दाराबाहेर

घरातला आरसीसीबी घराबाहेर, मीटरपासून रस्त्यापर्यंत, काही वाचवत नाही. जुलै 2024च्या पुरात डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत साचलेल्या पाण्यात हातगाडी हलवताना तीन तरुणांचा शॉक लागून मृत्यू झाला. त्याच्या महिनाभर आधी दौंड तालुक्यातल्या दापोडीत कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेत वीज उतरली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. बाल्कनीत नायलॉनची दोरी लावा, धातूची तार नको. सिंहगड रस्त्यासारख्या पाणी भरणाऱ्या भागात तळमजल्यावरची मीटर रूम उंच घेण्याचा ठराव पावसाळ्याआधी करून घ्या. पाणी शिरल्यावर आत जाऊन मेन पाडायला कुणी जाऊ नये, 1912ला फोन करून महावितरणला पुरवठा बंद करायला सांगावं. स्कूटरसाठी तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत एक्स्टेंशन सोडलेली असेल तर ती बंद करा. स्वतःच्या मीटरवरून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी आणि ए प्रकारचा आरसीसीबी, एवढं किमान हवं.

भाड्याने राहत असाल तर

मालक खर्च करणार नाही आणि तुम्हाला अकरा महिन्यांनी जायचं आहे. तरी गीझरच्या लाइनवर भिंतीला लावायची दोन मॉड्यूलची छोटी पेटी आणि त्यात आरसीबीओ एवढं करता येतं. जाताना काढून नेता येतं. मालकाला मेसेज करून परवानगी तेवढी लेखी ठेवा, नाहीतर डिपॉझिटमधून "भिंतीला भोकं" वजा होतील.

खर्चाचा क्रम

पाच हजारांच्या आत भागवायचं असेल तर: परवानाधारक वायरमनकडून 30 मिलिअँपिअरचा एक आरसीसीबी आणि गीझरच्या सॉकेटला खरा अर्थ पोचतो का याची तपासणी. पंचवीस हजारांपर्यंत जात असाल तर नवी पेटी, गीझरला आरसीबीओ, न्यूट्रल वेगळे करणं आणि जड लाइनींची नवी वायर, जमेल तेवढी. खड्ड्याचा खर्च सोसायटीचा. तो एकट्याने करू नका, कारण तो सगळ्यांच्या कामाचा आहे. एसपीडी सगळ्यात शेवटी. वळवाच्या पावसात तो टीव्ही वाचवेल, पण पैसे कमी असतील तर टीव्ही थांबू शकतो.

काम झालं की पैसे द्यायच्या आधी आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण स्वतः दाबा. तो पडला पाहिजे. पुढे दर महिन्याला दाबत राहा, वीजबिल भरायच्या दिवशी दाबलं तर लक्षात राहतं. ते बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. अर्थसाठी अर्थ टेस्टरवर मोजलेला आकडाच वायरमनकडून बिलावर लिहून घ्या, तारखेसह, आणि जमलं तर मे महिन्यात मोजून घ्या.